गाणं बँडचं की गिटारवाल्याचं?

रत्नागिरी-चिपळूणपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंत स्वतःची गाणी करणारी मुलं आता बरीच आहेत. कुणी मालवणीत रॉक गातं, कुणी जाखडीचा ठेका ड्रमवर उतरवतं. गणपतीच्या तोंडावर एखादं गाणं यूट्यूबवर चढतं, रीलमध्ये फिरायला लागतं, मुंबईहून कंपनीचा फोन येतो, आणि मग पहिल्यांदाच प्रश्न निघतो की हे गाणं नक्की कुणाचं. ज्यानं गिटार मांडीवर घेऊन चाल बांधली त्याचं? ते वाजवून उभं करणाऱ्या चौघांचं? की स्टुडिओचं बिल भरणाऱ्याचं?

खरं सांगायचं तर तिघांचंही थोडंथोडं आहे, फक्त प्रत्येकाच्या वाट्याला येणारी वस्तू वेगळी आहे. हा फरक वेळेवर न कळल्यामुळे जगातले मोठमोठे बँड कोर्टात गेले आहेत. गिटारवादक आणि गीतकार एकच असला की भांडण हमखास होतं, कारण एकाच माणसाला दोन-तीन बाजूंनी पैसे येतात आणि बाकीच्यांना एकाच बाजूनं.

## एका गाण्यात किती मालमत्ता?

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे शब्द ही एक कृती आणि चाल ही दुसरी. दोन्ही मिळून जे तयार होतं त्याला इथून पुढे ‘रचना’ म्हणू. ती रचना वाजवून, गाऊन जी फाइल तयार होते ते ‘रेकॉर्डिंग’. ही तिसरी आणि पूर्णपणे वेगळी मालमत्ता. शिवाय वाजवणाऱ्या-गाणाऱ्या प्रत्येकाला कलाकार म्हणून स्वतःचा एक हक्क असतो.

कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. रचना म्हणजे जमीन आणि रेकॉर्डिंग म्हणजे तिच्यावर बांधलेलं घर. जमीन थोरल्याच्या नावावर आणि घर धाकट्यानं मुंबईच्या पैशातून बांधलेलं, हे आपल्याकडे गावोगाव दिसतं. घर विकायला काढलं की जमीनवाला उभा राहतोच. आणि जमिनीवर नावं अनेक असली तर सगळ्यांच्या सह्या लागतात. बोरिवलीत राहणाऱ्या त्या चुलतभावाचीही.

मुदती वेगवेगळ्या आहेत. रचनेचा हक्क ती करणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. दोघांनी मिळून चाल केली असेल तर शेवटचा जो जाईल त्याच्यानंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं, कलाकाराचा ५० वर्षं. म्हणजे पंचविशीतल्या गिटारवाल्यानं आज बांधलेली चाल त्याच्या नातवंडांनाही उत्पन्न देऊ शकते. बँड तेवढा टिकत नाही.

## दोन बँड, दोन उलटे निकाल

द स्मिथ्स हा मँचेस्टरचा बँड १९८२ मध्ये सुरू झाला. गिटारवादक जॉनी मार चाली करायचा, गायक मॉरिसी शब्द लिहायचा. १९८७ मध्ये मार बाहेर पडला आणि बँड संपला. रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या पैशांत या दोघांनी प्रत्येकी ४० टक्के घेतले होते, बास वाजवणारा अँडी रूर्क आणि ड्रमर माइक जॉइस यांना प्रत्येकी १०. रूर्कनं ८३ हजार पौंडांवर तडजोड केली. जॉइस मात्र कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये जिंकला: त्याचा हिस्सा २५ टक्के. कारण साधं होतं. चौघं मिळून धंदा करत होते, म्हणजे ती भागीदारी; आणि वेगळं ठरल्याचा पुरावा नसेल तर भागीदारीत नफा समान वाटला जातो. आपल्या १९३२च्या भागीदारी कायद्यातही हाच नियम आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी लंडनमध्येच नेमका उलटा निकाल लागला. स्पँडाउ बॅले या बँडचा गिटारवादक गॅरी केम्प हाच गीतकार आणि चाली करणारा. बँड जोरात होता तेव्हा तो रचनेच्या पैशातला काही भाग सगळ्यांसाठी देत होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यानं ते थांबवलं. गायक टोनी हॅडली, सॅक्सोफोन वाजवणारा स्टीव्ह नॉर्मन आणि ड्रमर जॉन कीबल यांचं म्हणणं असं की हे कायमचं ठरलं होतं, आणि गाणी घडवण्यात आमचाही हात होता. एप्रिल १९९९ मध्ये ते हरले. न्यायाधीशांनी मानलं की केम्प गाणं बँडसमोर आणायचा तेव्हा ते तयार झालेलं असायचं. बाकीच्यांनी ते उत्तम वाजवलं, पण वाजवणं म्हणजे रचणं नव्हे. तोंडी कराराचा दावाही टिकला नाही. पुढे २००९ मध्ये हे सगळे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले.

दोन निकालांत विसंगती नाही. स्मिथ्समध्ये भांडण घराच्या भाड्याचं होतं, स्पँडाउ बॅलेमध्ये जमिनीच्या मालकीचं. घराचं भाडं काही ठरलं नसेल तर समान. जमीन मात्र ज्यानं रचली त्याची. बँडमधल्या प्रत्येकानं एवढं एक ध्यानात ठेवलं तरी अर्धे वाद होणार नाहीत. इंग्लंडचे निकाल इथे बंधनकारक नाहीत हे खरं, पण आपला कायदा त्याच घराण्यातला आहे.

## ‘पण ती सुरुवातीची धून तर माझी होती!’

ही तक्रार सगळ्यात अवघड, आणि अनेकदा रास्त. प्रोकोल हारम या बँडचं १९६७चं जगप्रसिद्ध गाणं ऑर्गनच्या धुनेनं सुरू होतं. श्रेय गायक आणि कवी या दोघांनाच होतं. ऑर्गन वाजवणारा मॅथ्यू फिशर ३८ वर्षांनी कोर्टात गेला. २००६ मध्ये त्याला चालीत ४० टक्के हिस्सा मिळाला, अपिलात पैशांचा हक्क गेला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो परत दिला. पण दावा केल्यापासूनच्या पुढच्या काळाचाच. मधल्या ३८ वर्षांचे पैसे गेले ते गेलेच.

मग सॅक्सोफोनला नाही आणि ऑर्गनला हिस्सा, असं का? तालमीत ओळखायची खूण सांगता येते. कुणी दुसऱ्यानं गिटार घेऊन ते गाणं एकट्यानं गुणगुणलं तर तुमचा भाग त्यात येतो का? ऑर्गनची ती धून काढली तर गाणं ओळखू येत नाही. ती स्वतंत्र स्वरवाक्य आहे आणि परतपरत येते. उलट आधीच बांधलेल्या कॉर्ड्सवर सोलो घेणं, बासनं मूळ स्वर धरणं, ड्रमचा ठेका बसवणं, आवाज कुठे चढवायचा ते सुचवणं, ही बहुतेक वेळा सादरीकरणाची कामं ठरतात. त्यात कौशल्य कमी नसतं. त्याचा मोबदला दुसऱ्या बाजूनं, म्हणजे रेकॉर्डिंग आणि कलाकाराच्या हक्कातून यायला हवा.

आपल्या कायद्यात आणखी एक बारकावा आहे. संगीतकृतीच्या व्याख्येत शब्द येतच नाहीत. म्हणून शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल तर ते दोघं सहमालक होत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या तुकड्याचा एकटा मालक. एकाच चालीत दोघांचं काम वेगळं काढता येणार नाही इतकं मिसळलं असेल तेव्हाच ती सामायिक होते.

## आकड्यांत मांडून पाहू

समजा कुडाळचा चौघांचा बँड आहे. गिटारवाला मुखडा, अंतरे आणि मूळ चाल घेऊन येतो. कीबोर्डवाली आठ मात्रांची सुरुवातीची धून बांधते, जी दोन अंतऱ्यांच्या मध्ये पुन्हा येते. बासवाला दुसऱ्या अंतऱ्यानंतर चाल वेगळ्या सुरावर नेणारा तुकडा सुचवतो आणि तो तसाच ठेवला जातो. ड्रमर जाखडीचा ठेका असा काही बसवतो की गाणं उठून उभं राहतं. चौघं बसून ठरवतात: शब्द पूर्ण गिटारवाल्याचे, चालीत गिटार ७०, कीबोर्ड १५, बास १५, रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येकी २५.

वर्षभरात रचनेच्या बाजूनं ४० हजार आले, रेकॉर्डिंगच्या बाजूनं ६० हजार. रचनेतले निम्मे शब्दांचे धरले तर २० हजार गिटारवाल्याचे. चालीच्या २० हजारांतून त्याला १४, कीबोर्ड आणि बासला तीन-तीन. रेकॉर्डिंगचे प्रत्येकी १५ हजार. एकूण गिटारवाला ४९ हजार, कीबोर्ड आणि बास १८-१८ हजार, ड्रमर १५ हजार.

ड्रमरला वाईट वाटणारच. त्यावर एक चांगला तोडगा म्हणजे मालकी आहे तशी ठेवायची, पण हातात आलेल्या रचनेच्या पैशातला ठरावीक भाग, समजा ३० टक्के, बँडच्या खात्यात टाकायचा. मात्र किती वर्षं, आणि कुणी सोडून गेल्यावर काय, हे लिहायचं. केम्पच्या बँडचं नेमकं इथेच अडलं.

क्वीननं दोन्ही वाटा चालून पाहिल्या. सुरुवातीला जो गाणं आणेल त्याचंच नाव. त्यामुळे १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं, आणि तबकडी खपेल तसे त्यालाही रचनेचे पैसे मिळत गेले, लोकांनी ती पुढच्या बाजूसाठी घेतली असली तरी. यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली. १९८९च्या अल्बमपासून सगळी गाणी ‘क्वीन’च्या नावावर गेली. समान वाटणी भांडण टाळते, पण चाली एकच माणूस करत असेल तर काही वर्षांनी तोच कंटाळतो. माझा कल खऱ्या कामाप्रमाणे वाटणी आणि बँडनिधी याकडे आहे.

## कागद कसा करायचा?

वकील नंतर. आधी गाणं पक्कं झालं त्याच संध्याकाळी एक पान लिहा. गाण्याचं नाव आणि तात्पुरतं नाव, तारीख, ठिकाण; शब्दांचे हिस्से, चालीचे हिस्से, रेकॉर्डिंगचे हिस्से; प्रत्येकाचं आधारवर आहे तसं पूर्ण नाव आणि मंचावरचं नाव; कुणाच्या कोणत्या भागासाठी हिस्सा दिला ती एक ओळ; चौघांच्या सह्या. प्रत्येक रकान्याची बेरीज १०० यायलाच हवी. मोबाइलवर केलेलं पहिलं ओबडधोबड रेकॉर्डिंग पुसू नका. चाल आधी कुणाकडे होती याचा तोच पुरावा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा जो खेळ चालतो त्यात हार्ड डिस्क जाते, म्हणून प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातली एक प्रत गावाबाहेर.

स्टुडिओत वेगळाच घोळ होतो. कायद्यानं रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणजे ज्यानं ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. मिक्सिंग करणारा स्वतःला म्युझिक प्रोड्यूसर म्हणतो म्हणून तो मालक होत नाही. पण बिल गावच्या एखाद्या हौशी पुरस्कर्त्यानं भरलं, सगळी जुळवाजुळवही त्यानंच केली आणि कागद काहीच नसेल, तर उद्या तो मालकी सांगू शकतो. म्हणून पैसे उधार, देणगी की गुंतवणूक, ते त्याच दिवशी लिहून घ्या. भजनातला पखवाजवाला किंवा ढोलवाला एका दिवसासाठी बोलावला तर मानधनाच्या पावतीवरच रेकॉर्डिंग वापरायला त्याची संमती घ्या.

पैसे येण्याच्या दोन वाटा आहेत. गाणं ॲपवर चढवणाऱ्या वितरकाकडून आणि यूट्यूबकडून येतो तो मुख्यतः रेकॉर्डिंगचा पैसा, आणि तो एकाच खात्यात पडतो. खातं गिटारवाल्याचं असेल तर सगळं उत्पन्न त्याच्या पॅनवर दिसतं, करही त्यालाच. चौघांचं ठरलं असेल तर भागीदारीपत्र करून बँडचं पॅन आणि खातं काढणं बरं. रचनेचा पैसा गोळा करते आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था. तिचे सभासद गीतकार, संगीतकार आणि रचनांचे प्रकाशक. बँड म्हणून नव्हे, रचना करणाऱ्या प्रत्येकानं स्वतः सभासद व्हायचं आणि गाणं हिश्शांसह नोंदवायचं. वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या हक्कांसाठी इसामरा ही वेगळी संस्था आहे. नोंदणीत घोटाळे ठरलेले: एकानं ७० टक्के नोंदवले आणि दुसऱ्यानं ५०, बेरीज १२०, मग पैसे वाद मिटेपर्यंत अडकतात. किंवा एकाच माणसाचं आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलं जातं आणि यंत्रणेला ते तीन माणसं वाटतात. रेकॉर्डिंगची ओळख म्हणून मिळणारा १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांक जपून ठेवा. वितरक बदलला तरी तोच द्यायचा, नाहीतर आधीचे सगळे श्रोते मोजणीतून जातात.

## ‘कंपनीनं एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेतले’

‘सगळे हक्क, कायमचे, जगभर’ असं छापलेला कागद घाईत सही केला जातो. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं इथे गीतकार-संगीतकाराला भक्कम आधार दिला. रचना विकली तरी तिच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातला, म्हणजे रॉयल्टीतला, समान वाटा मागण्याचा हक्क विकताच येत नाही; तो फक्त वारसांना किंवा वसुली करणाऱ्या संस्थेला देता येतो. याविरुद्ध लिहिलेलं कलम रद्दबातल. कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं आणि ज्याचा उल्लेखही नाही, त्याचे हक्कही जात नाहीत.

करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीनं वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून या तीन जागा वाचल्याशिवाय सही नको. आणि लक्षात घ्या, स्वामित्वधनाच्या समान वाट्याचं हे संरक्षण रचना करणाऱ्याला आहे. चौघांच्या रेकॉर्डिंगचा हक्क एकरकमी विकला तर तो गेला. तिथे बाकीच्या तिघांनी जास्त जपायला हवं.

## नोंदणी नसेल तर हक्क जातो का?

नाही. गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलं की हक्क आपोआप निर्माण होतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी ऐच्छिक आहे. शुल्क शब्दांना किंवा चालीला ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २,००० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक गाण्याला गरज नाही. कंपनीशी बोलणी चाललेल्या गाण्याला जरूर करा, पुरावा म्हणून कोर्टात ती वजनदार असते.

## शिमग्याची चाल घेतली तर?

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पालखीची, नमनाची, गौरीची चाल कुणाच्याच मालकीची नाही. ती घ्या, श्रेयात ‘पारंपरिक’ लिहा, आणि तुम्ही नवीन घातलेल्या शब्दांचा, नव्या सुरावटीचा हक्क सांगा. मूळ चालीचा नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. लोकांच्या तोंडी आहे म्हणून प्रत्येक चाल पारंपरिक नसते. शक्ती-तुऱ्यातले शाहीर आजही दरवर्षी नवीन गाणी बांधतात, डबलबारी भजनातले बुवा स्वतः चाली लावतात. शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव गुंफलेलं आहे का ते नीट ऐका. असेल तर तो माणूस किंवा त्याचं घर शोधा आणि लेखी परवानगी घ्या. कोकणात ते अवघड नाही, गावात विचारलं की दोन दिवसांत पत्ता लागतो.

समर्थांच्या आरतीचं तसंच. शब्द मोकळे आहेत, पण एखाद्या कंपनीनं केलेलं तिचं रेकॉर्डिंग मोकळं नाही. त्याचा तुकडा कापून गाण्यात घातला की यूट्यूबची यंत्रणा तो ओळखते आणि तुमच्या गाण्याचे पैसे त्या कंपनीकडे वळतात. इंटरनेटवरून घेतलेल्या तयार ठेक्यांचंही हेच होतं: तोच ठेका आणखी शंभर जणांनी घेतलेला असतो आणि त्यातला कुणीतरी आधी दावा ठोकून बसलेला असतो.

## रिसॉर्टवर दुसऱ्यांची गाणी वाजवली तर?

तारकर्ली, गणपतीपुळे, अलिबागला वाजवणारे बहुतेक बँड निम्म्याहून जास्त वेळ गाजलेली गाणीच वाजवतात. सार्वजनिक कार्यक्रमाचा परवाना काढणं ही साधारणपणे आयोजकाची किंवा हॉटेलची जबाबदारी. सुपारी घेतानाच ते लिहून घ्या. प्रत्यक्ष वाजवण्यासाठी रचनेचा परवाना लागतो, मधल्या सुट्टीत स्पीकरवर गाणी लावली तर रेकॉर्डिंगचाही. वाजवलेल्या गाण्यांची यादी आयोजकाला द्या, तुमची स्वतःची गाणी त्यात असतील तर त्यांचा वाटा त्यावरूनच काढतात.

लग्नाची गोष्ट निराळी. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्यानंच सूट आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर सूचनेत ते पुन्हा सांगितलं. शेजारी गोव्यात मात्र राज्य सरकारनं त्याच धर्तीवर काढलेलं परिपत्रक उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठानं २०२४ मध्ये रद्द केलं. म्हणून गोव्याच्या हॉटेलातल्या लग्नाची सुपारी असेल तर परवान्याचं आधी विचारून घ्या.

वाजवणं आणि रेकॉर्ड करणं यात गल्लत नको. दुसऱ्याचं गाणं नव्यानं रेकॉर्ड करून विकायला कायद्यात तरतूद आहे, पण मूळ रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं आणि किमान ५० हजार प्रतींचं स्वामित्वधन आगाऊ भरावं लागतं. छोट्या बँडला ते परवडत नाही. मालकाकडून थेट परवानगी काढणं स्वस्त पडतं.

## आणि बँड फुटला तर नाव कुणाचं?

कॉपीराइट इथे कामाला येत नाही, नाव ट्रेडमार्कमध्ये मोडतं. मनोरंजनासाठी ४१वा वर्ग आहे. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज कुणा एकाच्या नावानं केला तर नाव त्याचं होईल, म्हणून भागीदारीच्या नावानं करा आणि सोडून जाणाऱ्यानं ते नाव वापरायचं की नाही हे भागीदारीपत्रात घाला. त्याच कागदात यूट्यूब चॅनेल आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड कुणाकडे, आणि तो माणूस बँड सोडून गेल्यावर पासवर्ड किती दिवसांत बाकीच्यांना द्यायचा, हेही येऊ द्या. कार्यक्रमांचे फोन त्याच पानावर येतात, आणि नावाच्या भांडणात पहिल्यांदा तेच बंद पडतं.